गुडघा, कसरत आणि ऑपरेशन

वर्ध्यात क्रीडाशिक्षक म्हणून मी शाळेतली पोरं पळवली, निवृत्तीनंतर पोलीस भरतीची पळवतो. सोळाशे मीटरची तयारी ऐन भरात आली की कुणाचा ना कुणाचा गुडघा धरतो आणि घरचे विचारतात, ‘सर, ऑपरेशन करून टाकायचं का?’ हा पेच आपल्या मातीला जुनाच आहे.

1909 साली ‘हिंद स्वराज’मध्ये डॉक्टरी पेशावर कोरडे ओढणारे गांधीजी 12 जानेवारी 1924 च्या रात्री पुण्याच्या ससूनमध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेला तयार झाले. तेव्हा ते येरवड्याचे कैदी होते. कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया सुरू केली आणि मध्येच वीज गेली. उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पार पडलं. तरीही निसर्गोपचारावरची त्यांची श्रद्धा ढळली नाही. 1936 मध्ये ते आजच्या सेवाग्रामला राहायला आले, तेव्हा मातीच्या पट्ट्या आणि मालीश आश्रमाच्या दिनक्रमात होतं. कुष्ठरोगाने पीडित परचुरेशास्त्रींना ते स्वतः मालीश करत. त्याच गावात पुढे कस्तुरबा रुग्णालय उभं राहिलं आणि 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. मालीश आणि शस्त्रक्रिया, दोन्हींना सेवाग्रामने जागा दिली.

आमच्या लहानपणी गुडघा मुरगळला की तालमीतला वस्ताद तेल चोळायचा. फिजिओथेरपीचं रीतसर शिक्षण राज्यात आलं ते 1953 मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात. पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांना उभं करण्याची तेव्हा निकड होती. आज आपल्या सावंगी मेघ्यातही हे शिक्षण मिळतं. त्यातली पहिली कसरत अगदी साधी: पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबायची, पाच अंक मोजायचे, सोडायचं. मांडीचा स्नायू असा रोज जागा होतो.

2010 मध्ये स्वीडनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गुडघ्यातला एक मुख्य अस्थिबंध तुटलेले 121 तरुण त्यात होते. काहींचं लगेच ऑपरेशन करून व्यायाम दिला; 59 जणांना आधी फक्त व्यायाम दिला, गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांत त्या 59 पैकी 23 जणांनाच ऑपरेशन लागलं आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांची स्थिती जवळपास सारखी निघाली. जिना उतरताना वाटीच्या पुढच्या बाजूला दुखणं, हे धावणाऱ्यांचं नेहमीचं दुखणं तर बहुतेक वेळा व्यायामानेच बरं होतं.

म्हणून पालकांना माझं सांगणं आहे: आधी तज्ज्ञाकडून नेमकं निदान करून घ्या. गुडघा अडकत असेल, वारंवार निसटत असेल, तर ऑपरेशनला भिऊ नका. तसं नसेल आणि डॉक्टरांनी कसरत सांगितली असेल, तर ती महिनोन्‌महिने नेटाने करून घ्या. एक भरती हुकली तर पुढची येते. पोराचे गुडघे मात्र त्याला जन्मभर पुरवायचे आहेत.