जंजिरा: ‘अजिंक्य’ म्हणण्याआधी

मुरूडजवळच्या राजपुरीहून शिडाच्या होडीत बसलात की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘हा किल्ला कुणालाच जिंकता आला नाही.’ होडी अगदी जवळ जाईपर्यंत मुख्य दरवाजा दिसत नाही. समोर काळा तट, त्यावर आपटणाऱ्या लाटा. वाक्य लगेच पटतं. मलाही पटलं होतं. माझ्या सिनॉप्सिसचा पहिला मसुदा त्याच वाक्यावर उभा होता. गाईडनी तो वाचून एवढंच विचारलं, “सिद्दींच्या आधी हे बेट कुणाचं होतं?”

मसुदा तिथेच कोसळला. परंपरा सांगते की इथे आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता आणि निजामशाहीच्या सरदाराने तो कपटाने घेतला. आजचा दगडी कोट सोळाव्या शतकातला, निजामशाहीने बांधलेला. सिद्दींची स्वतंत्र सत्ता त्यानंतरची. म्हणजे ‘अजिंक्य’ हे विशेषण लावायचंच तर फार तर पुढच्या काळाला लावता येईल.

पण त्या काळात तरी नुसत्या तटाने किल्ला तारला का? शिवाजी महाराजांच्या दबावामुळे फत्तेखान तडजोडीला तयार झाला, तेव्हा १६७१च्या सुमारास त्याच्याच सिद्दी सरदारांनी त्याला कैद केलं आणि मुघलांची चाकरी पत्करली. तट होता तसाच होता, तरी किल्ला आतून जाणार होता! पुढे मुघलांचा पैसा मिळाला. सिद्दींचं आरमार पावसाळ्यात मुंबई बंदरात आसरा घेऊ लागलं. १६८२मध्ये संभाजी महाराजांनी खाडीत भराव टाकायला सुरुवात केली, पण मुघल फौज कोकणात उतरल्याने त्यांना परतावं लागलं.

म्हणून मी प्रश्नच बदलला. ‘तट किती भक्कम?’ याऐवजी ‘पैसा कुणाचा, धान्य कुठून, पावसाळ्यात जहाजं कुठे?’ असं विचारू लागले. मग स्थापत्याच्या पुस्तकांइतकाच मुंबई-सुरतेच्या इंग्रज वखारींचा पत्रव्यवहारही वाचावा लागला. काम वाढलं, पण प्रबंधाला दिशा मिळाली.

तुम्ही जंजिऱ्याला जाल तेव्हा कलालबांगडी तोफेपाशी फोटो जरूर काढा. मग आतल्या गोड्या पाण्याच्या तलावाकाठी थोडं बसा. पाणी आत होतं, धान्य मात्र बाहेरूनच यायचं. ते कोण पाठवत होतं, हा प्रश्न तिथे बसलं की आपोआप सुचतो.

आणि घरी आल्यावर स्वतःचा सिनॉप्सिस उघडा. त्यातल्या प्रत्येक भारदस्त विशेषणापुढे लिहा: कधीपासून? कुणाच्या जोरावर?