रजईच्या कापडाची पूर्वधुलाई

रजई शिवावयास घेण्यापूर्वी तिच्यासाठी आणलेली नवी सुती कापडे धुऊन त्यांतील सुटा रंग व खळ काढून टाकणे आणि ती आटवून घेणे, या क्रियेस पूर्वधुलाई म्हणतात. ही क्रिया घरगुती व किरकोळ वाटत असली, तरी तिच्यामागे सुती कापड रंगविण्याच्या कलेचा मोठा इतिहास आहे. रंग पक्का करण्याची जबाबदारी रंगाऱ्याकडून शिवणाऱ्या स्त्रीकडे कशी व का आली, हे त्या इतिहासावरून कळून येते.

अंगावरचा कपडा बहुधा एका कापडाचा असतो. त्याचा रंग थोडा गेला, तर कपडा फिकट होतो इतकेच. रजईची गोष्ट वेगळी आहे. तिच्या वरच्या पटात लाल, निळे व पांढरे तुकडे एकमेकांस लागून असतात. खाली कापसाचा थर व अस्तर असते आणि हे तिन्ही थर टाक्यांनी बांधलेले असतात. अशी रजई भिजली की कापूस पाणी धरून ठेवतो, ती सावकाश वाळते आणि तेवढ्या वेळात सुटा रंग पाण्याबरोबर शेजारच्या पांढऱ्या तुकड्यात शिरतो. कित्येक महिन्यांचे हातकाम पहिल्याच धुण्यात डागाळते आणि तुकडे उसवून बदलणे सहसा शक्य नसते.

कापूस हा रंग धरण्याच्या बाबतीत अवघड तंतू आहे. लोकर व रेशीम हे प्रथिनमय तंतू अनेक रंजकद्रव्यांना सहज धरून ठेवतात. सेल्युलोजाच्या तंतूंमध्ये तशी ओढ अल्प असते. हा अडसर भारतातील रंगाऱ्यांनी फार पूर्वी दूर केला होता. मोहें-जो-दडो येथे चांदीच्या पात्राला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा मंजिष्ठेच्या वर्गातील रंगाने रंगविलेला असल्याचे परीक्षणात आढळले. कापडाला प्रथम तुरटी लावावयाची व मग मंजिष्ठा, आल किंवा चाय या वनस्पतींच्या मुळ्यांच्या काढ्यात ते उकळावयाचे, ही मूळ रीत होय. तुरटीतील ॲल्युमिनियम तंतूला धरते व रंजकद्रव्य ॲल्युमिनियमाला धरते. त्यातून पाण्यात न विरघळणारे संयुग तंतूच्या आतच तयार होते. तुरटीसारख्या अशा द्रव्यास रंगबंधक म्हणतात. गास्ताँ-लोराँ कर्दू या जेझुइट धर्मोपदेशकाने १७४२ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरून लिहिलेल्या पत्रात चिटाच्या रंगकामाचे तपशीलवार वर्णन आले आहे. हिरड्याचा व म्हशीच्या दुधाचा संस्कार, रंगबंधकाचे लेपन आणि मुळ्यांच्या काढ्यातील उकळणे यांच्या जोडीने पुनःपुन्हा धुणे व उन्हात पसरणे या पायऱ्याही त्यात आहेत. पाण्याने जो रंग जावयाचा, तो रंगाऱ्याच्याच घाटावर जात असे. गिऱ्हाइकाच्या हाती पडे तो उरलेला पक्का रंग. यूरोपात या कापडाला इतकी मागणी आली, की फ्रान्सने १६८६ मध्ये व इंग्लंडने १७०० मध्ये त्यावर निर्बंध घातले. मागणीची कारणे नक्षी व किंमत ही होतीच. परंतु धुतल्यावरही टिकणारा रंग हे त्यांतील मोठे कारण होते, असे मानावे लागते.

लाल रंगाची अशीच एक जटिल रीत पूर्व भूमध्य प्रदेशातून यूरोपात गेली. ‘तुर्की लाल’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. खवट ऑलिव्ह तेल, शेण, तुरटी व मंजिष्ठा यांचे संस्कार कित्येक आठवडे चालत. फ्रान्समध्ये रूआँच्या परिसरात ही रीत अठराव्या शतकाच्या मध्यास रुजली व ग्लासगो येथे १७८५ मध्ये तिचा कारखाना निघाला. स्कॉटलंडमधील लेव्हन नदीच्या खोऱ्यातून पुढे हे लाल कापड व सूत जगभर जाऊ लागले. मुंबई ही त्याची मोठी बाजारपेठ होती आणि भारतीय गिऱ्हाइकांसाठी त्यावर मोरासारख्या आकृती छापल्या जात. अमेरिकेतील स्त्रियांनीही आपल्या रजयांसाठी हेच कापड पसंत केले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे पांढऱ्या भूमीवर तांबड्या व हिरव्या कापडाचे आकार शिवून रजया करण्याची मोठी आवड होती. तांबडे कापड महाग पडे, तरी पांढऱ्याशेजारी ते निर्धास्तपणे लावता येई.

या विश्वासाला धक्का बसला तो रसायनशास्त्राच्या प्रगतीमुळेच. विल्यम हेन्री पर्किन (१८३८–१९०७) यांनी १८५६ मध्ये पहिले व्यापारी कृत्रिम रंजकद्रव्य तयार केले. कार्ल ग्रेब व कार्ल लीबरमान यांनी १८६८ मध्ये मंजिष्ठेतील ॲलिझरीन हे रंजकद्रव्य कृत्रिम रीतीने बनविले. कृत्रिम ॲलिझरिनाचा रंग मंजिष्ठेइतकाच पक्का होता. त्याने रजईचे काही बिघडले नाही, बिघडले ते मंजिष्ठा व आल पिकविणाऱ्यांचे. वऱ्हाड व खानदेशातील आलीची लागवड यापुढे ओसरत गेली. खरा फरक पडला तो १८८४ मध्ये पाउल बटिगर यांनी शोधलेल्या काँगो रेड या रंजकद्रव्यामुळे. याला रंगबंधक नको, तेल नको, आठवडे नकोत. मीठ घातलेल्या गरम पाण्यात कापड बुडविले की ते लाल होते. परंतु ही सरळ रंजकद्रव्ये तंतूला दुर्बल बंधांनीच चिकटलेली असतात आणि ज्या पाण्यातून ती आत आली, त्याच पाण्यातून ती बाहेरही पडतात. त्या काळातील अमेरिकी रजयांतील काही लाल तुकडे आज फिकट गुलाबी किंवा तपकिरी दिसतात, तर त्यांच्याहून जुने तुर्की लाल तुकडे गडदच आहेत. दुकानात मात्र दोन्ही कापडे सारखीच लाल दिसत. विकत घेणाऱ्या स्त्रीला त्यांतील भेद ओळखण्याचा एकच मार्ग उरला : पाण्यात घालून पाहणे.

तत्कालीन गृहोपयोगी पुस्तकांत रंग ‘बसविण्यासाठी’ मीठ, शिर्का, तुरटी, बैलाचे पित्त, इतकेच नव्हे तर शिशाचे विषारी ॲसिटेटही सांगितलेले आढळते. मीठ व शिर्का हे उपाय अद्यापि सांगितले जातात. परंतु आजच्या सुती कापडावर त्यांचा उपयोग नाही. मीठ हे रंगविताना रंजकद्रव्य तंतूकडे ढकलण्यास मदत करते व आम्ल लोकर-रेशमावरील रंगास उपकारक असते. त्यामुळे या समजुतीत सत्याचा अंश आहे. तो फक्त चुकीच्या ठिकाणी लावला जातो.

विसाव्या शतकात पक्क्या रंगांची पुन्हा प्रगती झाली. रने बोन यांनी १९०१ मध्ये इंडँथ्रीन निळ्याचा शोध लावला व त्यातून व्हॅट रंजकद्रव्यांचा अतिशय टिकाऊ वर्ग पुढे आला. १९५६ मध्ये बाजारात आलेली विक्रियाशील रंजकद्रव्ये तर सेल्युलोजाशी सहसंयुजी बंधाने जोडली जातात. रंग किती उतरतो व शेजारच्या पांढऱ्या कापडाला किती लागतो, हे राखी छटांच्या प्रमाणपट्टीशी ताडून १ ते ५ असे अंक देण्याची पद्धतही प्रमाणित झाली. असे असता आजही कापड रंग का सोडते? कारण विक्रियाशील रंजकद्रव्याचा सर्व भाग तंतूशी जोडला जात नाही. सामान्यतः सु. ६० ते ८० टक्के जोडला जातो. उरलेला पाण्याशीच विक्रिया करून निकामी होतो आणि तंतूत नुसता अडकून राहतो. तो काढण्यासाठी कारखान्यात कापड उकळत्या साबणाच्या पाण्यातून वारंवार काढावे लागते. या टप्प्यास पाणी, इंधन व वेळ पुष्कळ लागतो आणि काटकसर होते ती बहुधा येथेच. गडद लाल, जांभळ्या व निळ्या कापडांत ती लवकर उघडकीस येते. पूर्वधुलाई ही वस्तुतः रंगाऱ्याने अर्धवट सोडलेली शेवटची पायरी होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

म्हणूनच ती गरम पाण्यात करणे योग्य. प्रथम कापडाचा लहान तुकडा साबणाच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवून, मग ओलाच पांढऱ्या कापडावर दाबून पाहावा. डाग पडल्यास ते कापड वेगळे काढून सु. ६० से. तापमानाच्या भरपूर पाण्यात, पाणी नितळ निघेपर्यंत धुवावे. विक्रियाशील रंगाचा सुटा भाग काही धुण्यांत संपतो. सरळ रंजकद्रव्याचे मात्र प्रत्येक धुण्यात पाणी रंगतच राहते. असे कापड पांढऱ्याशेजारी लावू नये हे उत्तम. रंग धरून ठेवणारी धनभारित द्रव्ये मिळतात, पण त्यांचा परिणाम धुण्यागणिक कमी होतो. पूर्वधुलाईला विरोध करणाऱ्यांचेही म्हणणे दुर्लक्षिण्यासारखे नाही. खळ गेल्यावर कापड लुळे पडते व काटेकोर कापता येत नाही. कापून तयार मिळणाऱ्या लहान पट्ट्या धुतल्यास त्यांच्या कडा उसवतात. शिवाय न धुतलेले कापड शिवल्यानंतर आटते व त्यामुळे पडणाऱ्या सुरकुत्या काहींना हव्याच असतात. अमेरिकेत १९७१ मधील व्हिटनी संग्रहालयाच्या प्रदर्शनानंतर रजईकामाचे पुनरुज्जीवन झाले. चिंध्यांऐवजी खास विकत घेतलेल्या नव्या कापडाचा वापर वाढला आणि हा वादही त्याबरोबर वाढला.

महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ या वादापासून बहुतांशी दूर राहिली. ती जुनी लुगडी, धोतरे व परकर यांच्या थरांवर धावदोरा घालून शिवली जाई. वर्षानुवर्षे दगडावर आपटून धुतलेल्या लुगड्यात सुटा रंग उरलेलाच नसे आणि ते आणखी आटण्याचाही संभव नसे. बंगालच्या कांथेचेही तसेच आहे. तिचे रंगीत दोरेसुद्धा जुन्या साड्यांच्या काठांतून काढलेले असत. गोधडीचा मऊपणा लोकांना ठाऊक आहे, तिच्या रंगांच्या निर्धोकपणाकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. आता शिंप्याकडची नवी कात्रणे व विक्रीसाठी आणलेले कोरे कापड गोधडीत येऊ लागले आहे आणि त्याबरोबर हा प्रश्नही येथे आला आहे.

डाग पडलेली रजई वाळू न देणे हे महत्त्वाचे, कारण ओली असेपर्यंत परका रंग गरम साबणाच्या पाण्याने बराच निघतो. संग्रहालयातील जुन्या रजयांच्या बाबतीत हा उपायही जपून करावा लागतो. तेथे प्रत्येक रंगावर पाण्याचा एक थेंब ठेवून तो टिपकागदाने टिपतात आणि एकाही तुकड्याचा रंग कागदावर आला, तर रजई पाण्यात घालण्याचा विचार सोडून देतात. न्यूयॉर्क येथे २०११ मध्ये ६५१ लाल-पांढऱ्या रजयांचे प्रदर्शन भरले होते. दोनच रंगांच्या त्या रजयांत लाल रंगाने पांढऱ्याची मर्यादा कोठे पाळली व कोठे ओलांडली, हे पाहणाऱ्याला सहज ताडता येण्यासारखे होते.