वाचोपचार संगणकाच्या पडद्यावर

रत्नागिरीहून वांद्र्याची अली यावर जंग वाक् व श्रवण संस्था (स्थापना १९८३) तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. पक्षाघाताने वाचा गेलेल्या रुग्णाला मात्र आठवड्यातून अनेकदा सराव लागतो. दूरस्थ, संगणकाधारित वाचोपचाराची निकड भासते ती यामुळेच.

अशा प्रणालीची रचना सोपी नाही. मेंदूच्या डाव्या भागास इजा झाल्यास वाचेबरोबर बहुधा उजवा हातही दुर्बल होतो. म्हणून चित्रे मोठी, डाव्या हाताने निवडता येतील अशी हवीत. 'स'चा ध्वनी मुख्यतः ४,००० हर्ट्झच्या वर असतो आणि साधा दूरध्वनी सुमारे ३,४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज वाहून नेतो. त्यामुळे उच्चार रुग्णाच्या संगणकावरच ध्वनिमुद्रित करून नंतर तज्ज्ञाकडे पाठविणे अधिक भरवशाचे.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक. 'चहा' आणि 'चाक' यांतील 'च' निराळे. इंग्रजीवरून बेतलेल्या सरावात हा भेद नाही, 'ळ' तर नाहीच. शिवाय रत्नागिरीकरास बर्फाचा बाहुला दाखवून त्याचे नाव विचारण्यात काय हशील? तेथे हापूस, होडी, विळीच हवी.

आयआयटी मुंबईत विकसित झालेले 'जेलो' हे चित्राधारित मोफत अ‍ॅप मराठीतही बोलते. मात्र ते संवादाचे साधन आहे, उपचाराचे नव्हे.