दानियाचे राज्य आणि किराअतचा वारसा

अंदलुसचा विषय निघाला की आपल्या ओठांवर कुर्तुबा आणि गरनाता हीच नावे येतात. गेलेल्या वैभवाबद्दल आपण हळहळतो. मात्र कुर्तुब्याची खिलाफत १००९ पासूनच्या यादवीत खिळखिळी होऊन १०३१ मध्ये संपली, त्या काळात उभ्या राहिलेल्या लहान राज्यांकडे आपले फारसे लक्ष जात नाही. दानिया हे त्यांतले एक. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचे आजचे देनिया ते हेच.

या राज्याचा संस्थापक मुजाहिद अल-आमिरी मूळचा गुलाम. त्याने दानियाचे बंदर आणि मायोर्का, मिनोर्का, इबिसा ही बेटे ताब्यात घेतली. १०१५ मध्ये तो आरमार घेऊन सार्डिनियावर गेला. पण १०१६ मध्ये पिसा व जिनोआच्या आरमारांनी त्याला पराभूत केले. त्याचा मुलगा अली कैद झाला आणि कित्येक वर्षे परमुलखात राहिला.

हाच मुजाहिद कुरआनच्या किराअतचा आणि अरबी भाषेचा जाणकार होता. त्याच्या राज्यात अबू अम्र अद-दानी यांनी किराअत शिकवली. अंध कोशकार इब्न सीदा यांनाही त्याने आश्रय दिला. अबू गालिब तम्माम या भाषापंडितांची गोष्ट चरित्रकारांनी नोंदवली आहे. ग्रंथ आपल्यासाठी लिहिला एवढे त्यात घालावे म्हणून मुजाहिदने त्यांना हजार दिनार पाठवले. त्यांनी ते परत केले. ग्रंथ सर्व विद्यार्थ्यांसाठी आहे, एकट्या सुलतानासाठी नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

मुजाहिदनंतर अली गादीवर आला. १०७६ मध्ये सरकुस्त्याच्या अल-मुक्तदिरने दानिया घेतले आणि राज्य संपले. अद-दानी १०५३ मध्येच दानियात वारले होते. पण सात किराअतींवरचा त्यांचा 'अत-तैसीर' हा ग्रंथ टिकला. पुढे जवळच्याच शातिबा गावचे इमाम शातिबी (मृत्यू ११९४, काहिरा) यांनी तो पद्यात बांधला. ती 'शातिबिय्या' आजही भारतातल्या मदरशांत किराअतचे विद्यार्थी पाठ करतात. आपण रोज तिलावत करतो ती इमाम आसिम यांची, हफ्स यांच्या रिवायतीची किराअत. या सातांत तीही आहे.

मुलांना अंदलुस शिकवताना आम्ही शिक्षक बहुधा लढाया आणि हातचे गेलेले किल्ले यांवरच थांबतो. त्याच तासाला अद-दानींच्या ग्रंथाबद्दल आणि परत गेलेल्या त्या हजार दिनारांबद्दलही सांगायला हवे.