टक्के आणि विषय : एका बेरजेचा इतिहास

नववी-दहावीच्या पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो : ‘सर, कोणता विषय घेतला की टक्के वाढतील?’ मोसम नदीकाठच्या नामपूरला तो विचारला जातो, तसाच मुंबईलाही. संपूर्ण संस्कृत घ्यावे, संयुक्त घ्यावे की हिंदीच ठेवावे? बारावीला गणित ठेवावे की सोडावे? या प्रश्नावर आपण चिडतो आणि मुले परीक्षार्थी झाली म्हणतो. पण मागचा इतिहास पाहिला तर वेगळेच दिसते. प्रवेशासाठी गुण कसे मोजायचे हा नियम मोठी माणसे ठरवतात आणि मुले त्या नियमाला धरून शहाणपणाने वागतात.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ची, पहिली मॅट्रिक १८५९ची. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर त्याच परीक्षेत उत्तीर्ण झाले. त्या काळी मॅट्रिक म्हणजे कॉलेजचा उंबरठा. तो ओलांडता आला की झाले. विशेष प्रावीण्यासाठी वेगळी बक्षिसे असत. संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. १९१२च्या मॅट्रिकमध्ये ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. ते पुढे केंब्रिजला गेले आणि तिथे निसर्गविज्ञान शिकले. येथे एक बारकावा लक्षात घ्या. एका विषयातली उंची त्या विषयापुरती मोजली जाई. ती एकूण बेरजेत विरघळून जात नसे.

१९४९ पासून मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली. त्या जुन्या, अकरावीच्या एस.एस.सी.त विषय निवडायला बराच वाव होता. कोणी बीजगणित-भूमिती घेई, कोणी नुसते अंकगणित. सोपा पर्याय घेणारा सुखाने पास होई. पण विज्ञान शाखेचे दार त्याच्यासाठी जवळजवळ बंद होई. अनेक शाळांत मुलींना या सोप्या वाटेने वळवले जाई. तेराचौदाव्या वर्षी केलेल्या, किंवा दुसऱ्यांनी करून दिलेल्या, निवडीची किंमत पुढे आयुष्यभर द्यावी लागे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहावीपर्यंत गणित व विज्ञान सर्वांना सक्तीचे करावे अशी शिफारस केली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. नव्या आकृतिबंधातली दहावीची पहिली परीक्षा महाराष्ट्रात १९७५ साली झाली.

निवडीचा पेच मात्र संपला नाही, तो दोन वर्षे पुढे सरकला. वैद्यकीय प्रवेशासाठी बारावीचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांचेच गुण धरले जात. मग गणितावर वेळ कशाला घालवायचा? दोन्ही दारे उघडी ठेवू पाहणारा मुलगा चार अवघड विषय पेलत असे आणि एकाच दाराशी उभ्या असलेल्या मुलाच्या मागे पडण्याचा धोका पत्करत असे. १९९९ मध्ये वैद्यकीयसाठी आणि २००४ मध्ये अभियांत्रिकीसाठी सी.ई.टी. आली, परीक्षा बदलली. पण हा हिशेब तसाच राहिला. आजच्या ‘नीट’मध्येही गणित नाही.

अकरावी प्रवेशाचे भांडण याहून बोधप्रद आहे. मुंबईत एस.एस.सी., आय.सी.एस.ई. आणि सी.बी.एस.ई. या तीन मंडळांची मुले एकाच यादीत येतात. अभ्यासक्रम वेगळे, तपासणी वेगळी, मग गुण एका तराजूत कसे घालायचे? २००८ साली शासनाने ‘पर्सेंटाइल’ नावाचे सूत्र आणले. २००९ साली नव्वद टक्के जागा एस.एस.सी.च्या मुलांसाठी ठेवल्या. दोन्ही निर्णय उच्च न्यायालयात टिकले नाहीत. २०१० मध्ये ‘बेस्ट फाइव्ह’ आले : सहा विषयांपैकी सर्वांत जास्त गुणांचे पाच धरायचे. उच्च न्यायालयाने तेही रद्द केले. पण त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले.

या नियमाचा परिणाम काय होतो हे साध्या गणिताने पाहू. प्रत्येक विषयाला १०० गुण धरा. काल्पनिक विद्यार्थिनी ‘अ’चे गुण : मराठी ८४, हिंदी ८२, इंग्रजी ८०, गणित ५८, विज्ञान ७८, सामाजिक शास्त्रे ८६. ‘ब’चे गुण याच क्रमाने ७४, ७२, ७६, ९२, ८४, ७०. दोघींची बेरीज ४६८, म्हणजे ७८ टक्के. आता सर्वांत कमी गुणांचा विषय वगळा. ‘अ’ होते ८२ टक्के, ‘ब’ ७९.६. दोघींनी विज्ञान शाखेसाठीच अर्ज केला, तर गणितात ३४ आणि विज्ञानात ६ गुण जास्त असलेली ‘ब’ यादीत खाली! यात ‘अ’चा काही दोष नाही. आपण बेरजेला जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर तिने दिले. विज्ञान कोणाला झेपेल, हा प्रश्न तिला विचारलाच नव्हता.

सोप्या गणिताचा पर्यायही पुन्हा डोकावून गेला. महाराष्ट्रात दहावीला काही वर्षे ‘सामान्य गणित’ होते. २०१८-१९ मध्ये नवा अभ्यासक्रम आला, त्याबरोबर ते बंद झाले. सी.बी.एस.ई.ने २०२० च्या परीक्षेपासून दहावीला ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोन स्तर केले. गणिताच्या भीतीने शाळा सुटण्यापेक्षा सोपा पर्याय बरा, ही बाजू खरीच आहे. पण दार बंद होते आहे हे मुलाला आधी सांगितलेले असले पाहिजे. जुन्या एस.एस.सी.ने शिकवलेला धडा हाच.

२०२५ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया साऱ्या राज्यात लागू झाली. आता नामपूरचा विद्यार्थीही त्याच पद्धतीच्या यादीत उभा राहतो. मात्र शहरातल्या मुलापुढे जितके विषय आणि जितक्या शिकवण्या असतात, तितक्या त्याच्यापुढे असतीलच असे नाही. ज्या शाळेत संस्कृतचे शिक्षकच नाहीत, तिथे ‘गुण देणारा विषय’ हा सल्ला पोकळ ठरतो.

नियम बदलणे शिक्षकाच्या हाती नाही. पण पालकांचा प्रश्न थोडा वळवणे नक्की आहे. ‘टक्के किती वाढतील?’ याच्या शेजारी आणखी एक प्रश्न ठेवावा : ‘हा विषय सोडला तर कोणती दारे बंद होतील, आणि ती पुन्हा उघडता येतील का?’ टक्क्यांचे काम प्रवेशाच्या यादीपुरते असते. अकरावीच्या वर्गात भौतिकशास्त्राचा पहिला धडा सुरू झाला, की उपयोगी पडते ते शिकलेले गणितच.