जपानी रंग आणि साडीतील मरियामाता

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानमधील लाकडी ठशांची रंगीत चित्रे युरोपात पोहोचली, तेव्हा छायाप्रकाशाच्या आधाराशिवाय, केवळ सपाट रंग आणि रेषा यांवरही चित्र उभे राहते, हे तेथील चित्रकारांना उमगले. १८८७ मध्ये व्हॅन गॉगने हिरोशिगेची दोन चित्रे तैलरंगांत उतरवली. ठसा ओलसर करून रंग हळूहळू फिकट करीत नेण्याची या छपाईतील युक्ती तर आजही नजर खिळवून ठेवते.

भारतात जपानी कलेचा खरा प्रभाव माणसांकरवी आला. १९०२ मध्ये ओकाकुरा काकुझो कलकत्त्यास आले. पुढच्याच वर्षी त्यांच्या परिवारातील योकोयामा ताइकान व हिशिदा शुन्सो हे चित्रकार आले. ताइकान ओल्या कुंचल्याने कागद भिजवीत, ते पाहून अवनींद्रनाथ टागोरांनी आख्खे चित्रच पाण्यात बुडविले. रंग मुरले, धूसर झाले. ‘वॉश’ पद्धत ती हीच.

अवनींद्रनाथ व नंदलाल बोस यांच्याकडून ही पद्धत शिकले गोव्यातील सांतु एस्तेव येथे १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका. त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसविली, सावळा वर्ण दिला. गोव्यात त्यावर कडाडून टीका झाली आणि फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले. कॅथॉलिक चित्रकाराला आसरा मिळाला तो अँग्लिकन आश्रमात, हेही लक्षात ठेवण्याजोगे! मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर हेन्री हेरास मात्र त्यांच्या पाठीशी होते.

टीकाकारांची भीती आम्ही सर्वस्वी पोकळ मानीत नाही; पिढ्यान्‌पिढ्या जी मूर्ती पुजली, तिचा चेहरा बदलला की श्रद्धा हादरते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील आपल्या घरांतही मरियामाता बहुधा गोरी आणि निळ्या झग्यातलीच. परंतु ज्या चित्रांना ‘फार भारतीय’ म्हणून नाकारले, त्यांतील धूसर रंगांचे मूळ जपानकडे जाते, हे कोणी पाहिले? आणि तो गोरा चेहरा तरी नाझरेथचा कुठे होता?

कोणतीही एक कलाशैली ख्रिस्तसभेने आपली म्हणून स्वीकारलेली नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनाविषयक दस्तऐवजात स्पष्ट केले. फोन्सेका १९६७ मध्ये पुण्यात वारले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यातील पर्वरी येथे झेवियर सेंटरमध्ये आहे.