चौथ्या आउटफिल्डरचं भाकीत

१९९८ साली न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघानं ११४ सामने जिंकले. अशा संघात नवख्याला जागा मिळणं मुश्किलच. तरी त्या वर्षी शेन स्पेन्सर नावाचा एक आउटफिल्डर राखीव गडी म्हणून आला, २७ सामने खेळला, ६७ वेळा फलंदाजी केली आणि १० होम रन ठोकले. सरासरी ०.३७३. बेसबॉलमध्ये ०.३००च्या वर गेलेल्याला लोक मानतात, म्हणजे हे काय प्रकरण असेल ते लक्षात यावं. बहुतेक करामत सप्टेंबरातली, मोसम संपत आलेला असतानाची. त्यामुळे हिवाळाभर गप्पांना विषय झाला: पुढच्या वर्षी हा किती मारणार?

त्रैराशिक मांडलं तर उत्तर सोपं. ६७ला १०, तर ५००ला जवळजवळ ७५. त्याच वर्षी मार्क मॅग्वायरनं ७० होम रनचा विक्रम केला होता. हा पठ्ठ्या त्यालाही मागे टाकणार! असं उघडपणे कुणी म्हणणार नाही, पण चाहत्याच्या मनात हेच त्रैराशिक थोडं लाजत-बुजत चाललेलं असतं. आकडा ७५वरून ३०वर उतरतो इतकंच.

हा खेळ जुना आहे. थंडीत मैदानं बंद पडली की अमेरिकेतले शौकीन दुकानातल्या शेगडीभोवती बसून पुढच्या मोसमाच्या बाता मारत. त्या बैठकांना ‘हॉट स्टोव्ह लीग’ हे नाव पडलं. पण बाता मारायलाही आकडे लागतात, आणि ते क्रिकेटकडून आले. हेन्री चॅडविक हा इंग्लंडच्या एक्झिटरमध्ये १८२४ साली जन्मलेला, लहानपणीच ब्रुकलिनला आलेला पत्रकार. आधी तो क्रिकेटचे वृत्तान्त लिही. मग बेसबॉलच्या नादी लागला आणि क्रिकेटच्या धावफलकाच्या नमुन्यावर त्यानं बेसबॉलचा तक्ता बसवला. गड्याची मोसमाची कामगिरी एका ओळीत मावू लागली, आणि एका ओळीत मावलेली गोष्ट पुढच्या वर्षावर ढकलायचा मोह कुणाला आवरतो?

भाकिताच्या घराण्याचा खरा मूळपुरुष मात्र बेसबॉलमधला नाहीच. तो फ्रान्सिस गाल्टन. १८८६ साली त्यानं आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीचे आकडे मांडून दाखवलं, की फार उंच आईबापांची मुलं उंच निघतात खरी, पण आईबापांइतकी नव्हे. ती सरासरीकडे सरकतात. ठेंगण्यांचंही तसंच, उलट्या बाजूनं. (याच गाल्टननं सुप्रजननशास्त्राचं खूळ जगाच्या डोक्यात घातलं. पूर्वज निवडता येत नाहीत.) ज्याचा आकडा असाधारण दिसतो, त्यात गुणाबरोबर नशिबाचाही वाटा असतो. गुण पुढच्या वर्षी बरोबर येतो, नशीब येईलच असं नाही.

हे फलंदाजांना लावून दाखवायला जवळजवळ नव्वद वर्षं गेली. विलर्ड जेम्स आणि चार्ल्स स्टाइन यांनी १९६१ मध्ये एक गणिती सूत्र मांडलं होतं: अनेक गोष्टींचा अंदाज एकदम करायचा असेल, तर प्रत्येक आकडा सगळ्यांच्या सरासरीकडे थोडा ओढला की एकूण चूक कमी होते. ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस यांनी १९७०च्या मोसमातले अठरा फलंदाज घेऊन ते पडताळलं. पहिल्या ४५ पाळ्यांनंतर रोबेर्तो क्लेमेंतेची सरासरी होती ०.४००. सूत्रानं ती ०.२९०च्या आसपास आणून ठेवली. उरलेल्या मोसमात त्यानं केली ०.३४६. म्हणजे एकट्या क्लेमेंतेच्या बाबतीत सूत्र बरंच कमी पडलं; थोर खेळाडूला ओढून खाली आणलं की असंच होणार. पण अठरा जणांची बेरीज धरली तर सूत्राची चूक नुसत्या सरासरीच्या चुकीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी निघाली.

१९७७ साली हे दोघे ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये हे सगळं समजावून सांगत होते, आणि त्याच साली कॅन्ससमधल्या एका डबाबंद खाद्याच्या कारखान्यात रात्रपाळीची राखण करणाऱ्या बिल जेम्सनं आपली पहिली ‘बेसबॉल अॅबस्ट्रॅक्ट’ स्वखर्चानं छापली. ६८ पानं, खपल्या पाऊणशे प्रती. पुढे हीच वार्षिकं चाहत्यांची पोथी झाली. फलंदाज सत्ताविसाव्या वर्षाच्या सुमारास ऐन भरात असतो, हे त्यानं आकड्यांनिशी दाखवलं. राखीव गड्यांच्या दृष्टीनं त्याचं मोठं काम वेगळंच: मायनर लीगमधले, म्हणजे खालच्या पायरीवरच्या स्पर्धांतले, आकडे योग्य काटछाट करून वाचले, तर त्यांवरूनही मेजर लीगमधली कामगिरी ओळखता येते. तोवर मायनरमधल्या धावांना कुणी हिंग लावून विचारत नव्हतं.

मग टॉम टँगो या टोपणनावानं लिहिणाऱ्या एकानं ‘मार्सेल’ काढलं. नाव ‘फ्रेंड्स’ मालिकेतल्या माकडाचं. दावा असा, की इतकं तर माकडालाही जमावं. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक पाळीला पाच गुण, त्याआधीच्या वर्षाला चार, त्याआधी तीन. त्यात लीगच्या सरासरी फलंदाजाच्या १२०० पाळ्या मिसळायच्या, वयानुसार चिमूटभर कमी-जास्त करायचं, झालं.

तीन वर्षं ६५० पाळ्या खेळलेल्या नियमित गड्याच्या अंदाजात ८७ टक्के तो स्वतः असतो. स्पेन्सरला मागे जाऊन हेच माप लावलं तर? वॉक, म्हणजे न मारताच मिळालेले बेस, धरून त्याच्या सत्तरेक पाळ्या, गुणिले पाच, म्हणजे साडेतीनशे. त्यात बाराशे परक्या. स्पेन्सरच्या अंदाजात स्पेन्सर जेमतेम २३ टक्के; बाकी सारा लीगमधला कुणीतरी सरासरी मनुष्य. पाळ्या किती मिळतील तेही मार्सेल सांगतं: गेल्या वर्षीच्या निम्म्या, त्याआधीच्या वर्षीच्या एक दशांश, अधिक सरसकट २००. स्पेन्सरच्या वाट्याला आल्या २३५, होम रन बारा-तेरा. प्रत्यक्षात १९९९ मध्ये तो ७१ सामने खेळला, सरासरी ०.२३४, होम रन ८. त्रैराशिकापेक्षा माकड पुष्कळच शहाणं ठरलं.

मार्सेलच्याच सुमारास नेट सिल्व्हरचं ‘पेकोटा’ही आलं. ते जुन्या खेळाडूंतून सारखे गडी हुडकून त्यांच्या वाटचालीवरून भाकीत करतं. त्याचं नाव बिल पेकोटा या ०.२४९ सरासरीच्या, मिळेल त्या जागी उभं राहणाऱ्या कॅन्सस सिटीच्या गड्यावरून ठेवलेलं. बेब रूथ सोडून पेकोटा! हे मला मनापासून आवडतं.

इतकं झाल्यावर चाहत्यांनी गप्प बसायला हवं होतं. झालं उलटंच: शेकडो चाहत्यांकडून एकेका खेळाडूचा अंदाज मागवायचा आणि त्याची सरासरी काढायची, ही पद्धत रूढ झाली. हिचाही पूर्वज गाल्टनच. प्लिमथच्या जत्रेत बैलाचं वजन ओळखायची पैज लागली होती. त्यातल्या ७८७ चिठ्ठ्या त्यानं तपासल्या आणि मधला अंदाज खऱ्या वजनाच्या एका टक्क्याच्या आत निघाला, हे १९०७ साली छापलं.

फरक एवढाच, की बैलावर कुणाचं प्रेम नव्हतं. खेळाडूचा अंदाज करायला बसतो तो बहुधा त्याच संघाचा भक्त, आणि म्हणून चाहत्यांची सरासरी नेहमी चढी निघते. नियमित खेळाडूच्या बाबतीत मी डोळे मिटून माकडाचं ऐकेन. राखीव गड्याची गोष्ट निराळी. तो कसा मारतो यापेक्षा त्याला मारायला उभं करणार का, हा त्याच्या मोसमाचा खरा प्रश्न, आणि त्यावर सूत्राकडे ते सरसकट २०० सोडून फारसं काही नाही. स्पेन्सरच्या वेळी यांकीजच्या कुठल्याही चाहत्याला पाठ होतं, की उजवीकडे पॉल ओनील आहे, मध्ये बर्नी विल्यम्स आहे, दोघांपैकी एकही हलायचा नाही. उरला तो डावा कोपरा, आणि त्यासाठी रिकी लेडे आणि चॅड कर्टिस आधीच रांगेत उभे आहेत.